खिमटाला लागणारा वेळ

आईच्या हातची चव हा मराठी ललित गद्याचा आवडता विषय आहे. त्या चवीसाठी खर्ची पडणारा वेळ मात्र या गद्यात क्वचितच मोजला जातो. बाळाच्या पहिल्या अन्नाचेच उदाहरण घेऊ. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून, जिऱ्यासह भरडली की खिमटाची निव्वळ पूर्वतयारी होते. नाचणीचे सत्त्व तर त्याहून वेळखाऊ : भिजवणे, मोड आणणे, वाळवणे, दळणे, वस्त्रगाळ करणे. 'घरगुती' हे विशेषण हे सारे श्रम गिळून टाकते.

गिरगावातल्या ज्या बिऱ्हाडात सासू, जाऊ, नणंद होत्या, तिथे हे श्रम वाटले जात. पण परळ-लालबागमध्ये भोंग्यासरशी घर सोडणाऱ्या बाईचे काय? आपण कामावर असताना मूल झोपून राहावे म्हणून गिरणीकामगार स्त्रिया त्याला अफूची 'बाळागोळी' देत, ही १९२०च्या दशकातील मुंबईची नोंदलेली वस्तुस्थिती आहे. तिला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण कोकणातून आणि घाटावरून आलेल्या त्या बाईला पेज आणि नाचणी आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. तिच्यापाशी नव्हता तो वेळ. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब मानली. १९२९ साली कायदा झाला. बाळाच्या अन्नाच्या इतिहासात या कायद्याला कोणत्याही पाककृतीइतकेच स्थान आहे.

नारायण सुर्वे यांना अर्भकावस्थेत उचलून घरी आणणारे गंगाराम सुर्वे गिरणीकामगार होते. काशीबाईही गिरणीत काम करीत. त्या घटनेतली करुणा आपण वर्गात आवर्जून सांगतो. त्या तान्ह्याला दिवसभर कोणी, काय भरवले असेल, हा प्रश्न मात्र आपल्याला सुचत नाही. वास्तववादाची चर्चा करणाऱ्या समीक्षेला तो सुचायला हवा.

गिरण्या गेल्या, प्रश्न उरला. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. बाळाला वरचे अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू करावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे उष्टावणाची वेळ येते आणि रजा संपते! अशा वेळी दादरच्या दुकानातून तयार खिमटाची पुडी नेणाऱ्या आईकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शिवाय ते 'घरगुती' खिमटही कुठल्या तरी बाईनेच, आपल्या घरचे आवरून, भाजलेले असते.

डब्यातल्या अन्नापेक्षा घरचे खिमट बरे, हे मलाही मान्य आहे. पण ते आईनेच रांधावे, असे त्यातून निघत नाही. तांदूळ भाजायला बापाचे हातही चालतात.