‘स’चे शेपूट

बोरिवली-मुलुंडकडील कोणत्याही नव्या इमारतीची जाहिरात पाहावी. तीत ‘फ्लॅट्स’ आणि ‘शॉप्स’ हटकून विक्रीस असावयाचे. परकी शब्द घेण्यास आमची हरकत नाही; फ्लॅटास ‘सदनिका’च म्हणा, असा हट्टही आम्ही धरीत नाही. शब्दाबरोबर त्याचे व्याकरणही का उचलून आणावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

म्हणतात, ‘स’ लावल्यावाचून संख्या कळत नाही. मग ‘फ्लॅट विकणे आहेत’ यातील ‘आहेत’ कशासाठी आहे? देव, दगड, हात यांचेही रूप अनेकवचनी पालटत नाही. आणि ‘दोन लोकल गेल्या’ हे ऐकून घाटकोपरच्या फलाटावर कोणी घोटाळ्यात पडत नाही. तीच मंडळी ‘सोसायट्या’ म्हणतात, ‘तिकिटे’ म्हणतात. १९६९ साली राष्ट्रीयीकरण झाले ते १४ बँकांचे. ‘१४ बँक्सचे’ असे एकदा म्हणून पाहावे.

खरे नुकसान विभक्तीत आहे. मराठीत प्रत्यय लागतो तो नामाच्या सामान्यरूपास. ‘फाइलीत’ म्हटले की फाइल एक, ‘फाइलींत’ म्हटले की अनेक. ‘फाइल्स’चे सामान्यरूपच होत नाही; म्हणून ‘फाइल्समध्ये’ अशी कुबडी द्यावी लागते. लिंगाचेही तेच. ‘सोसायट्या’ म्हणताच शब्द स्त्रीलिंगी हे उमगते. ‘सोसायटीज’ मुका राहतो.

आमच्या पूर्वजांस हा न्यूनगंड नव्हता. ‘अहवाल’ हे अरबीत ‘हाल’चे अनेकवचन, ‘उमराव’ हे ‘अमीर’चे, आणि ‘अफवा’ म्हणजे मुळात अनेक तोंडे! मराठीने तिन्ही शब्द निःशंकपणे एकवचनी केले. पोर्तुगीज अनेकवचन तर ‘स’ लावूनच होते. तरी आपण मंडईत बटाटेच मागतो, ‘बटाटास’ नव्हे, आणि हरवतात त्या चाव्याच. खुद्द इंग्रजांचे वर्तन पाहा. मुंगूस हा शब्द त्यांनी मराठीतून नेला. पण अनेकवचनी ते ‘मुंगसे’ म्हणत नाहीत, ‘मंगूसेस’ म्हणतात. ज्यांचे अनुकरण करावयाचे, त्यांचा हा बाणा मात्र कोणी उचलीत नाही.

‘चिप्स’सारखे शब्द शेपटासकटच आले, ते तसेच राहोत. विद्यार्थ्यांच्या ‘नोट्स’चा प्रश्नही थोडा निराळा, कारण ‘नोटा’ म्हटले की हात खिशाकडे जातो. पण तेथे ‘टिपणे’ हा शब्द तयार आहे.

२०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि तो मिळावा म्हणून झटणारे शिकलेले लोकच आज घरोघर ‘टेबल्स’ आणि ‘स्टेशन्स’ बोलत आहेत. संपादकांनी तूर्त एवढे तरी करावे, की मुद्रिते तपासताना ‘कॉलेजेस’, ‘फाइल्स’, ‘टेबल्स’ यांवर काट मारून ‘कॉलेजे’, ‘फाइली’, ‘टेबले’ लिहावे. शाई काही अधिक लागत नाही.