नाथसागर भरला, पण टेलला पाणी कधी? डाव्या कालव्याचा हिशेब टीएमसीचा नाही, दिवसांचा आहे

विश्लेषण

पावसाळा लागला की आपल्याकडं चहाच्या टपरीपासून बाजार समितीपर्यंत एकच प्रश्न असतो, जायकवाडी किती टक्के? 2023 च्या दुष्काळात नगर-नाशिकच्या धरणांतून 8.6 टीएमसी पाणी खाली सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा आंदोलनं झाली, प्रकरण कोर्टात गेलं. पुढं 2024 ला धरण भरलं, 2025 ला परत भरलं. 2025 च्या सप्टेंबरात तर गोदाकाठची गावं पुरानं हैराण झाली. म्हणजे पाणी नाही, ही तक्रार या दोन वर्षांत तरी करता येत नाही.

तरीही पाथरी, मानवत, परभणीकडच्या चाऱ्यांच्या टोकाला जाऊन विचारा. धरण शंभर टक्के असलं तरी तिथल्या शेतकऱ्याला धाकधूक एकच, गहू ओंबीवर असताना पाळी येणार का? धरणात पाणी यावं म्हणून आपण वरच्यांशी भांडतो, ते भांडण रास्तच आहे. पण धरणाच्या खाली काय होतं, त्यावर कुणी फारसं बोलत नाही.

कालव्याचं गणित

नाथसागराचा एकूण साठा सुमारे 102 टीएमसी. त्यातला 26 टीएमसी मृतसाठा सोडला तर साधारण 76 टीएमसी वापरता येतं. डावा कालवा 208 किलोमीटरचा. पैठणहून निघून अंबड, घनसावंगी, परतूर, पाथरी, मानवत करत तो परभणीकडं जातो. त्याखालचं लाभक्षेत्र सुमारे 1 लाख 41 हजार हेक्टर. उजवा कालवा 132 किलोमीटर, त्याखाली सुमारे 42 हजार हेक्टर.

आता डाव्या कालव्याचा साधा हिशेब मांडू. एका पाण्याला शेतात साडेसात सेंटिमीटर पाणी धरलं, तर हेक्टरी 750 घनमीटर लागतं. सगळं लाभक्षेत्र एकदा भिजवायचं तर शेतावर साधारण 106 दलघमी, म्हणजे पावणेचार टीएमसी पाणी पोहोचलं पाहिजे. कालव्यात, चारीत, शेतचारीत निम्मं पाणी मुरलं आणि वाया गेलं असं धरलं, तरी एका पाळीला साडेसात टीएमसी पुरतं. रब्बीच्या चार पाळ्यांना 30 टीएमसी. पिण्याचं पाणी, उद्योग, उजवा कालवा आणि बाष्पीभवन धरूनही भरलेल्या धरणातून एवढं निघू शकतं.

अडचण पुढं आहे. डावा कालवा मूळ रचनेप्रमाणं सेकंदाला सुमारे 100 घनमीटर पाणी वाहून नेईल असा बांधला. त्या वेगानं दिवसाला साडेआठ दलघमीच्या वर पाणी जातं. निम्मी गळती धरली तर सगळं क्षेत्र भिजवायला 24-25 दिवस लागतात. आणि गाळ, झाडोरा, फुटकं अस्तरीकरण यामुळं कालवा निम्म्याच क्षमतेनं चालवावा लागला, तर तीच पाळी 49 दिवसांवर जाते.

गव्हाला पाणी कधी लागतं? पेरणीनंतर साधारण 21 दिवसांनी मुकुटमुळं फुटताना, 40-45 दिवसांनी कांडी धरताना, 60-65 ला फुलोऱ्यात आणि 80-85 ला दाणा भरताना. म्हणजे दर वीस दिवसांनी. पाळी पन्नास दिवसांची झाली तर टेलच्या गव्हाला दोन पाणी मिळणंही मुश्कील. धरण तेव्हा साठ-सत्तर टक्के भरलेलं असलं तरी त्याचा उपयोग काय?

हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात सगळं क्षेत्र एकाच वेळी भिजत नाही, कुठं हरभरा असतो, कुठं ज्वारी. पण मुद्दा त्यातून स्पष्ट होतो. टेलच्या शेतकऱ्याला टीएमसी कमी पडत नाहीत, दिवस कमी पडतात.

दिवस खातं कोण?

पहिलं कारण कालव्याची अवस्था. धरण 1976 ला पूर्ण झालं, म्हणजे कालव्याचा बराच भाग आता पिकल्या वयाचा आहे. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचं अस्तरीकरण टिकत नाही. दुरुस्तीला पैसे येतात, पण मुख्य कालवा दुरुस्त करून वितरिका आणि चाऱ्या तशाच राहिल्या तर पाणी मधेच अडकतं.

दुसरं कारण ऊस. हा प्रकल्प आखताना भर होता तो ज्वारी, गहू, कापूस अशा हंगामी पिकांवर. आज हेडला ऊस उभा आहे. उसाला दोष देऊन उपयोग नाही, पाण्याची खात्री जिथं असते तिथं शेतकरी ऊस लावणारच. पण ऊस प्रत्येक पाळीत पाणी घेतो आणि भरपूर घेतो. त्यामुळं हेडची चारी लवकर बंद होत नाही.

तिसरं कारण, मोजमाप नाही. कालव्यावर थेट मोटार, तोडलेलं गेट, रात्री उघडलेला विमोचक हे सगळ्या गावाला माहीत असतं. पाटकरी एक, आणि त्याच्याकडं मैलोगणती चारी. कुठल्या चारीला किती पाणी गेलं याचा आकडाच नसेल, तर कुणाला धरायचं?

वाघाडनं काय केलं?

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर हीच रड होती. 1990 च्या आसपास टेलच्या ओझर भागातल्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायचं, पैसे मोजलेल्या पाण्याचे भरायचे आणि आतलं वाटप आपणच करायचं, असं ठरवलं. विहिरींनाही हिशेबात धरलं. पुढं सगळ्या लाभक्षेत्रावर 24 संस्था झाल्या आणि प्रकल्पस्तरावर त्यांची मिळून संस्था उभी राहिली. जिथं टेलला पाणी येत नव्हतं, तिथं द्राक्षबागा झाल्या.

वाघाड लहान आहे, आपला कालवा 208 किलोमीटरचा, हे खरं. पण चारी तर तिथंही चारीच आहे. 2005 च्या कायद्यानं अशा संस्थांना घनमापन पद्धतीनं पाणी, पीक निवडीचं स्वातंत्र्य आणि हेड, मधला भाग, टेल अशा तिन्ही ठिकाणचे संचालक दिले. आपल्याकडं कागदावर संस्था बऱ्याच आहेत. किती संस्थांच्या चारीवर मोजणारं यंत्र चालू आहे, हे मात्र गावागावांत जाऊन पाहावं लागेल.

कालवा सल्लागार समितीपुढं काय मागायचं?

पावसाळा संपला की कालवा सल्लागार समिती आवर्तनं ठरवते. तिथं आपले प्रतिनिधी ‘चार पाळ्या द्या’ म्हणून भांडतात. पाळ्या किती, यापेक्षा पाळी किती दिवसांत टेलला पोहोचणार, हे विचारलं पाहिजे. त्याची तारीख लेखी मागितली पाहिजे.

दुसरी मागणी, वाटप टेलकडून हेडकडं करा. शेवटची चारी आधी भिजली की हेडवाल्यालाही पाणी वेळेत सोडण्याची घाई होते. तिसरी, प्रत्येक वितरिकेच्या तोंडाशी रोज किती पाणी गेलं तो आकडा गावच्या फलकावर लावा.

आपल्याकडूनही काही करायला हवं. नमुना नंबर 7 चा अर्ज अनेक जण भरतच नाहीत. पाणी आलं तर घेऊ, नाही आलं तर बोंब मारू, अशी सवय लागली आहे. अर्ज नसेल तर खात्याच्या हिशेबात तुमचं शेतच नाही. मग पाळी तुमच्या आधीच बंद झाली तरी जाब विचारायला कागद हातात राहत नाही. पाणीपट्टीचंही तसंच आहे.

वरच्या धरणांबरोबरचा वाद पुढंही चालेल, तो कोर्टात आणि मंत्रालयात लढावा लागेल. पण आपल्या चारीवरचं भांडण आपल्यालाच मिटवायचं आहे. रब्बीची पेरणी करण्याआधी चारीवरच्या शेतकऱ्यांनी एकदा बसा, अर्ज एकत्र भरा, पाळीचा क्रम टेलपासून ठरवा. त्यासाठी धरणाची टक्केवारी बघायची गरज नाही.