नाणेघाटाची वाटही वाचा

मा. महासंचालक,
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, नवी दिल्ली



नाणेघाटात येणारा माणूस गुहेतला नागनिकेचा लेख पाहतो, माथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत असत ही कथा ऐकतो आणि फोटो काढून परततो. अभ्यासकांचेही फार वेगळे नाही. सातवाहनांच्या या ब्राह्मी लेखावर भगवानलाल इंद्रजींपासून अनेकांनी लिहिले. त्यातल्या यज्ञांचा, दक्षिणेचा, अंकचिन्हांचा पुरता कीस पडला. ज्या वाटेमुळे तो लेख इथे कोरला गेला, तिचा बारकाईने विचार मात्र क्वचितच होतो.

कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’चा ग्रीक लेखक पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचला जातो, असे सांगतो. पण नाणेघाटाच्या उभ्या नळीतून गाडी चढणार कशी? इथे लमाणी बैलच हवेत, पाठीवर गोण्या घेतलेले. म्हणून पायऱ्यांची उंची आणि रुंदी मोजणे हे किरकोळ काम नव्हे; वाट माणसाच्या पावलासाठी बांधली की लादलेल्या जनावराच्या, हे त्यावरून ताडता येईल.

त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा. आषाढात ही नळी म्हणजे ओढाच. तरीही दगड जागेवर राहतात, ते कशामुळे? कातळ कुठे फोडला, चिरे कशावर बसवले, पाणी कोणत्या बाजूला काढून दिले? रोमन रस्त्यांचे आडवे छेद घेऊन थर तपासतात, तसे इथे दोन-चार ठिकाणी तरी व्हावे. सगळी फरसबंदी सरसकट सातवाहनांच्या नावावर घालणे मला पटत नाही. दोन हजार वर्षे वापरात असलेल्या घाटाची डागडुजी नंतरच्या राजवटींनीही केलीच असणार. कोणता थर कोणाचा, हे वेगळे काढायला हवे.

आपल्याला विनंती एवढीच: वैशाखऱ्याच्या पायथ्यापासून घाटघरच्या माथ्यापर्यंत संपूर्ण वाटेचे मोजमाप घ्यावे, प्रत्येक वळणाचा चढ नोंदवावा आणि हे होईपर्यंत तिथे सिमेंटचे एक घमेलेही पडू देऊ नये. नकाशे आणि अहवाल मराठीतही छापावेत. जुन्नर-मुरबाडची माणसे ते वाचतील, आणि चुकले असेल तिथे आपल्याला सांगतीलही.

आपला,
घाटवाटांचा एक अभ्यासक