पॅरिसचा करार आणि मराठवाड्यातला डिसेंबर

१/ वंशसंहार आणि ज्यूद्वेष हे विषय शाळेत कायद्याने सक्तीचे करावेत का, यावर जगात अनेक ठिकाणी वाद चालू आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्याने १९९० साली ज्यूंच्या संहाराचे शिक्षण सर्वप्रथम अनिवार्य केले. २००५ साली त्या कायद्याची व्याप्ती आर्मेनिया, कंबोडिया, बोस्निया, रवांडा इथपर्यंत वाढवली. परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा या वादाशी काय संबंध, असे कोणी विचारील. तोच या धाग्याचा विषय.

२/ ‘जेनोसाइड’ हा शब्द राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली घडवला. ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार संमत केला. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू, हा त्या व्याख्येचा गाभा आहे.

३/ नेमक्या त्याच डिसेंबरात नेहरूंनी पाठवलेले एक शिष्टमंडळ हैदराबाद संस्थानात हिंडत होते. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे त्याचे सदस्य. ‘पोलीस ॲक्शन’च्या काळात आणि त्यानंतर काय घडले, याची चौकशी त्यांच्याकडे होती.

४/ आधी काय घडले, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. बीदर जिल्ह्यातील गोरटा येथे मे १९४८ मध्ये हत्याकांड झाले. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्टमध्ये खून झाला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

५/ पुढचा भाग मात्र आपण सांगत नाही. अत्यंत सावध अंदाजाने संस्थानात २७ ते ४० हजार लोक मारले गेले, असे सुंदरलाल समितीने लिहिले. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच किमान १८ हजार; औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक येथे किमान ५ हजार.

६/ या आठ नावांत परभणी नाही. पण नकाशा पाहा. पाथरीहून गोदावरी ओलांडून माजलगावच्या वाटेला लागले की बीड जिल्हा सुरू होतो. पूर्वेला परभणीच्या पुढे नांदेड. ज्या प्रदेशाचे हे मरण होते, त्याच्या मध्यावर हे गाव उभे आहे.

७/ त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले. अहवाल दडपल्यामुळे मारणाऱ्यांबरोबर वाचवणारेही विस्मृतीत गेले. तो सामान्य अभ्यासकांच्या हाती पडायला २०१३ साल उजाडले.

८/ मग हा वंशसंहार होता का? घाईने हो म्हणू नये, घाईने नाहीही म्हणू नये. हेतू कोणाचा, आदेश कोणाचा, मोजणी कोणी केली, हे प्रश्न विद्यार्थ्याला विचारता आले पाहिजेत. शब्द चिकटवण्यापेक्षा पुरावा तोलायला शिकवणे अधिक कठीण आणि अधिक मोलाचे आहे.

९/ ज्यूद्वेषाचा धडाही आपल्याला परका नाही. बेने इस्रायली समाज कोकणात शतकानुशतके मराठी बोलत, तेल गाळत राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्याच महाराष्ट्रात आज हिटलरचे आत्मचरित्र दुकानांत ‘करारी नेत्याचे चरित्र’ असल्यासारखे खपते. साठ लाख ज्यूंचा संहार ज्याला नीट शिकवला, तो हे पुस्तक त्या नजरेने विकत घेणार नाही.

१०/ भारताने १९५९ साली या कराराला मान्यता दिली. पण वंशसंहार हा स्वतंत्र गुन्हा आपल्या कायद्यात आजही नाही. उद्या असे शिक्षण अनिवार्य करणारे विधेयक आपल्याकडे आलेच, तर माझ्या तीन अटी असाव्यात. दूरच्या देशासोबत आपला जिल्हाही शिकवावा. मूळ कागद विद्यार्थ्यांसमोर ठेवावेत. आणि बळींची यादी सरकारच्या सोयीने लहानमोठी होऊ नये.

११/ जुन्या जखमा उकरल्याने तेढ वाढेल, हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण शाळा गप्प राहिली म्हणून आठवण गप्प राहत नाही. एका घरात फक्त रझाकार सांगितले जातात, दुसऱ्या घरात फक्त पोलीस ॲक्शन. दोन्ही घरांची मुले एकाच बाकावर बसतात, आणि दोघांनाही अर्धाच इतिहास ठाऊक असतो. उरलेला अर्धा त्यांना मोबाइलवर, विखारासह मिळतो.

१२/ पाथरीला हे जड जाऊ नये. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, असे फरिश्त्याने नोंदवले आहे. ज्या गावाची कुळकथाच धर्माच्या सीमेवरून ये-जा करते, तिथला शिक्षक १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर वर्गात दोन्ही बाजूंचे मृत मोजू शकतो. मुक्तीचा आनंद त्याने उणावत नाही. त्या मुक्तीची किंमत कोणी कोणी चुकती केली, तेवढे मात्र कळते.

(धागा समाप्त)