पण कशासाठी?

परवा औरंगपुऱ्यात भाचीबरोबर पुस्तकं घ्यायला गेले होते. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढं संशोधनच करायचं म्हणते. दुकानात ओळखीच्या काकू भेटल्या. "एम.एस्सी., मग वर पाच वर्षं पीएच.डी.! कशासाठी गं एवढं?" भाचीनं पाठ केल्यासारखं उत्तर दिलं, "देशासाठी काहीतरी करायचंय."

बाहेर आल्यावर म्हटलं, "आता खरं सांग." जरा लाजलीच. "मावशी, पैठणकडच्या आमच्या बागेत मोसंबीचं एक झाड वाळतं आणि त्याला लागून असलेलं हिरवंगार राहतं. का? ते कळल्याशिवाय मला चैन नाही. पण असं सांगितलं की लोक हट्टी म्हणतात."

म्हणोत की! दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, कमला सोहोनी, काय कमी हट्टी होती? वडील आणि काका बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. हिलाही तिथंच जायचं होतं. कारण म्हणावं तर इतकं घरगुती! १९३३ साली संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो वर्षभराच्या परीक्षेवर, शिवाय पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये, या अटीवर. (लक्ष त्यांचं, जबाबदारी हिची!) १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं, हे त्यांनी दाखवलं. नीरेच्या पोषणमूल्याचं, लोकांच्या उपयोगी पडणारं काम त्यानंतरचं.

मुलाला 'आवड आहे' एवढं पुरतं. मुलीच्या आवडीला मात्र देशसेवेची नाहीतर कॅन्सरच्या औषधाची चिठ्ठी जोडावी लागते. माझंही एम.एस्सी.नंतर तिथंच अडलं. कुणी 'नको' म्हटलं नाही हो, फक्त 'कशासाठी?' विचारलं. मला पटेलसं काही सुचलं नाही, आणि मी अर्ज भरलाच नाही. आता नेट-जेआरएफ मिळाली, तर महिन्याला ३७ हजार विद्यावेतन आहे. पैशाचा प्रश्न निदान थोडा सुटतो. त्या प्रश्नाचं काय?

पुढच्या महिन्यात भाचीला बघायला येणार आहेत. कशासाठी, हे ते विचारणारच. मी म्हटलंय, सरळ मोसंबीचं सांग. ती म्हणाली, "तू शेजारी बसशील?"

बसणार आहे.