४० बाय २०ची जागा द्या

शालेय स्पर्धांचे वेळापत्रक लागले की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या प्रशिक्षकांची पत्रे येऊ लागतात. या वेळच्या पत्रांतही मागणी तीच आहे : हँडबॉलसाठी ४० बाय २० मीटरची कायमची आखलेली जागा.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी काय चालते ते अधिकाऱ्यांनी एकदा येऊन पाहावे. क्रीडाशिक्षक फक्कीचे पोते आणि सुतळी घेऊन उजाडताच मैदानावर हजर असतात. गोलपोस्टच्या आतल्या मागच्या कडेला सुतळी धरायची, ६ मीटरवर गाठ मारायची, दोन्ही खांबांपासून पाव वर्तुळे काढायची आणि मध्ये ३ मीटरच्या सरळ रेषेने ती जोडायची. ९ मीटरची तुटक रेषा होईस्तोवर पावसाची सर येते आणि सहाची रेषा वाहून जाते. मागच्या कार्यक्रमाच्या मंडपाचे खड्डे असतातच. अशा जागी चेंडू उसळत नाही, म्हणून मुले ड्रिबल टाळतात. पडून शॉट घेतला की कोपर सोलते, म्हणून पिव्हट पडायचे सोडतो. विंगचा खेळाडू सर्कलमध्ये झेप घ्यायला कचरतो. हाच संघ विभागीय स्पर्धेत लाकडी कोर्टवर उतरतो तेव्हा सामना हातचा जाईपर्यंत त्याचे पाय स्थिर होत नाहीत. मग शेरा बसतो, मुलांत दम नाही!

एका वाचकाने आच्छादित सभागृहासाठी रीतसर अर्ज केला. उत्तर मिळाले, सभागृह बॅडमिंटनचे आहे, मैदान विभागाकडे जा. मैदान विभागाने सांगितले, हँडबॉल इनडोअर खेळ आहे, सभागृहाकडे जा. दोन टेबलांमध्ये हंगाम संपला. गोलपोस्ट जमिनीत घट्ट बसवण्याची परवानगीही त्याला मिळाली नाही, कारण मैदान ‘बहुउद्देशीय’ आहे. सुटा गोलपोस्ट मुलाच्या अंगावर कोसळला तर जबाबदारी कोणाची, हे मात्र कोणी लिहून देत नाही.

जून २०२३ मध्ये प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिलाच मोसम महाराष्ट्र आयर्नमेनने जिंकला. अंतिम फेरीत गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेशला हरवले. आपल्याला त्याचा सार्थ अभिमान आहे. पण सगळी लीग जयपूरच्या सवाई मानसिंग इनडोअर स्टेडियममध्ये झाली. महाराष्ट्राच्या नावाचा संघ विजेता ठरला आणि महाराष्ट्रातल्या एकाही मुलाला तो घरच्या कोर्टवर पाहता आला नाही.

नुसत्या विजेतेपदाने खेळ टिकत नाही, हे कळायला स्पेनकडे पाहा. सिउदाद रियाल हे लाखभरही वस्ती नसलेले शहर. तिथल्या हँडबॉल क्लबने २००६, २००८ आणि २००९ अशी तीनदा चॅम्पियन्स लीग जिंकली. क्लबमागे एका बांधकाम व्यावसायिकाचा पैसा होता. मंदीत बांधकाम बसले, २०११ मध्ये संघ माद्रिदला नेऊन अॅटलेटिकोचे नाव दिले आणि २०१३ मध्ये तो बंदच झाला. पाम्प्लोनाचा सान अंतोनियो, २००१चा युरोपविजेता, तोही २०१३ मध्येच संपला. याउलट १९४४चा ग्रानोयेर्स आजही उभा आहे. त्या गावाला स्वतःचे क्रीडागृह आहे, १९९२च्या ऑलिंपिकचे हँडबॉल सामने तिथे झाले, आणि गावात दरवर्षी शेकडो बालसंघांची स्पर्धा भरते. लिऑनचा अदेमार १९५६ मध्ये एका शाळेतून निघाला, तोही टिकून आहे. पैसा सर्वांनाच लागतो. पण मालक गेल्यावर ज्यांच्याकडे शाळा, कोर्ट आणि लहान मुले होती, तेच क्लब उरले.

२०११च्या जनगणनेत ठाण्याची वस्ती १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. एवढ्या वस्तीला एक कोर्ट मागणे ही चैन नव्हे.

आता आपल्याच मंडळींना दोन शब्द. स्पर्धेला आठ दिवस उरले की कबड्डी आणि फुटबॉलची मुले गोळा करून संघ उभा करायचा, दोन सामने जिंकून दहावीच्या सवलतीच्या गुणांचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि वर्षभर चेंडूला हात लावायचा नाही, हे बंद झाले पाहिजे. अशा संघांमुळेच अधिकारी विचारतात, खेळणारे आहेत कुठे? त्यांना उत्तर देण्यासारखी हजेरीवही किती प्रशिक्षकांकडे आहे?

म्हणून या महिन्यात तीन गोष्टी करा. प्रत्येक शाळेने आणि मंडळाने बारा वर्षांखालील मुलामुलींचा एक गट सुरू करावा आणि त्याची रोजची हजेरी ठेवावी. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या संघांनी रविवारी आलटून पालटून एकमेकांकडे जाऊन सामने खेळावेत, त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. आणि सर्वांनी मिळून, वेगवेगळे नव्हे, दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांकडे एकच लेखी मागणी करावी : प्रत्येक शहरात एक आखलेले कोर्ट, पक्के गोलपोस्ट आणि आठवड्याचे ठरावीक तास. सोबत हजेरीवह्यांच्या प्रती जोडा. अर्जाची पोच घ्या आणि तिची प्रत आमच्याकडे पाठवा. उत्तर येईपर्यंत प्रत्येक अंकात या मागणीचा पाठपुरावा करण्याची जबाबदारी आमची.