लाभ घेणार कोण?

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात न्यासांची कामं करण्यात माझी वकिली गेली. नोंदणीसाठी येणारी मंडळी उद्देशांचा कागद तयार ठेवूनच येतात. शिक्षण, आरोग्य, गोरगरिबांना मदत. त्यात चुकीचं काहीच नसतं. मी मात्र आधी विचारतो, लाभ घेणार कोण? हे विचारायला मला इंग्रजी निकालांनी शिकवलं. आणि आज खुद्द इंग्लंडचा कायदाच हा प्रश्न अर्ध्यावर सोडतो आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

धर्मादाय हेतूंची यादी तिथे फार जुनी. १६०१ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत म्हातारे, आजारी, जायबंदी सैनिक, अनाथ मुलं आणि गरीब मुलींची लग्नं यांच्या जोडीला पूल, बंदरं, रस्ते आणि समुद्राचे बांधही आहेत. १८९१ साली पेम्सेल खटल्यात लॉर्ड मॅकनॉटन यांनी चार गट पाडले : गरिबीनिवारण, शिक्षण, धर्म आणि लोकोपयोगी इतर कामं. आपल्या १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यातलं कलम ९ वाचताना ही मांडणी ओळखू येते. आपण फक्त निव्वळ धार्मिक शिकवण आणि पूजाअर्चा त्यातून वगळली. इंग्लंडच्या २०११ च्या कायद्यात १३ हेतू आहेत, हौशी खेळसुद्धा. पण हेतू यादीत बसला म्हणून भागत नाही. त्यातून सार्वजनिक हित साधतं हे दाखवावं लागतं, ते गृहीत धरलं जात नाही.

इथे १९५१ चा ऑपनहाइम खटला नीट पाहायला हवा. ब्रिटिश अमेरिकन टोबॅको आणि तिच्या उपकंपन्यांच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या मुलांना शिकवण्यासाठी एक न्यास होता. कर्मचारी १,१०,००० हून जास्त. एवढ्या लोकांना ‘जनता’ म्हणायचं नाही तर कोणाला? तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यास धर्मादाय नाही असं ठरवलं. त्या मुलांना बांधणारा धागा एकच होता, आईबापांचा मालक. अशा धाग्याने बांधलेला गट कितीही मोठा असो, तो जनता होत नाही. एकट्या लॉर्ड मॅकडर्मट यांना हे पटलं नाही. कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, सगळ्या खाणकामगारांचा मालक एकच झाला. मग ते आता जनतेचा भाग राहिले नाहीत का, असा त्यांचा रोख होता. हा प्रश्न बिनतोड आहे, हे मी मान्य करतो.

तरी माझं मत बहुमताकडेच जातं. धर्मादाय म्हटलं की करसवलत येते, म्हणजे त्या दानात सगळ्या करदात्यांचा वाटा पडतो. कंपनीला आपल्या नोकरांच्या मुलांना शिकवायचं असेल तर तिने जरूर शिकवावं, पण स्वतःच्या पैशाने. गरजू कर्मचाऱ्यांसाठीचा न्यास मात्र १९७२ मध्ये डिंगल खटल्यात धर्मादाय ठरला, आणि ते योग्यच झालं. हलाखीत असलेल्या माणसाला हात देताना त्याचा मालक कोण हे पाहायचं नसतं.

मग भरमसाट फी घेणाऱ्या खासगी शाळांचं काय? ईटनसारख्या शाळा धर्मादाय आहेत. गरिबांना पूर्णपणे वगळणारी शाळा धर्मादाय राहू शकत नाही, त्यांच्यासाठीची सोय नावापुरती असूनही चालणार नाही, असं २०११ मध्ये वरिष्ठ न्यायाधिकरणाने सांगितलं. पण त्यापुढे किती द्यायचं, हे विश्वस्तांवर सोडलं. हे मला पटत नाही. ज्याने द्यायचं, त्यानेच माप ठरवायचं?

आपल्याकडे त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ अअ खाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. अंमलबजावणीत खोट आहे, त्यासाठी भांडावं लागतं. पण आकडा ठरलेला आहे म्हणूनच रुग्णाचा नातेवाईक त्यावर बोट ठेवून भांडू शकतो. इंग्लंडने २०२५ मध्ये खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लावला आणि बहुतेक धर्मादाय शाळांची स्थानिक करातली सवलत काढून घेतली. त्याने तिजोरीत भर पडेल. गरीब मुलासाठी त्या वर्गात एक बाकही वाढणार नाही. त्यापेक्षा संसदेने या शाळांना मोफत जागांचा किमान आकडा कायद्यातच घालून द्यावा, आणि जी शाळा तो पाळणार नाही तिचं नाव धर्मादाय नोंदवहीतून काढावं.